ग्रीनचें मैदान

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्यें ‘कॉटन ग्रीन’ या नांवाचें एक स्टेशन आहे. तेथें रोज उतरणाऱ्या हजारों माणसांपैकीं या नांवाचा अर्थ काय असावा, असा प्रश्न किती जणांस पडत असेल कोण जाणे! ग्रीन म्हणजे हिरवळ. ती तेथें औषधालाही नाहीं, आणि कापसाचे डोंगरही आतां तेथें दिसत नाहींत. खरें पाहतां हें नांव तेथलें नव्हेच. माणसें जशीं बिऱ्हाडें बदलतात तसें तें दोन बिऱ्हाडें करून विसाव्या शतकांत तेथें जाऊन राहिलें. त्याचें मूळ घर कोटांत. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें असतां झाडांनीं गच्च भरलेली जी वाटोळी बाग दिसते, आणि जिला हल्लीं हॉर्निमन सर्कल म्हणतात, ती जागा म्हणजे मुंबईचें जुनें ‘ग्रीन’. बाग दीडशें वर्षांची आहे. मैदान तिच्याहून किती तरी जुनें आहे. त्या मैदानाची हकीकत सांगण्यासाठीं हा लेख.

१६६८ सालीं मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडणीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झालें, तेव्हां बंदरावरील जुन्या गढीपलीकडे तिचें असें फारसें कांहीं नव्हतें. पुढें गव्हर्नर झालेला जेराल्ड आँजियर हा मोठा कल्पक पुरुष. गढीपासून कांहीं अंतरावर त्यानें प्रार्थनामंदिराचा पाया घातला. पण तो गेला, पैसा आटला, आणि अर्धवट भिंती सुमारें चाळीस वर्षें ऊनपाऊस खात उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब नांवाच्या पाद्र्यानें वर्गणी जमवून तें काम तडीस नेलें आणि १७१८ च्या नाताळांत सेंट थॉमसचें देऊळ उघडलें. त्याच सुमारास शहराभोवतीं तट उठला. तटाला तीन दरवाजे : दक्षिणेस अपोलो, उत्तरेस बाजार, आणि मध्यें देवळाकडे जाणारा तो चर्च गेट. तो दरवाजा पडून आज दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, त्या जागेशीं १८६४ पासून फ्लोराचें कारंजें उभें आहे. तरी पश्चिम रेल्वेचा उतारू अजून चर्चगेटचेंच तिकीट काढतो. मुंबईंत वस्तु जाते आणि नांव राहतें, हा अनुभव या लेखांत वाचकांस आणखी एकदोनदां येईल.

एका बाजूस गढी, दुसऱ्या बाजूस देऊळ, आणि मध्यें मोकळी जागा : हेंच ग्रीन. शिपायांची कवाईत, सरकारी जाहीरनामे, साहेबलोकांचें संध्याकाळचें फिरणें, असे नानाविध उपयोग एका मैदानाचे होत. कोटाच्या आंत जागेची इतकी टंचाई होती कीं, एवढी मोकळीक टिकली हेंच नवल. उत्तरेकडील देशी वस्ती एकमेकींस खेटून दाटलेली होती. १८०३ च्या फेब्रुवारींत तेथें लागलेल्या भयंकर आगीनें शेंकडों घरें भस्म केलीं, आणि त्यानंतरच कोटाबाहेरील वस्तीनें खरा जोर धरला.

या मैदानावर एक देवही होता. लॉर्ड कॉर्नवॉलिस १८०५ सालीं गाझीपूर येथें वारला, तेव्हां मुंबईच्या इंग्रज रहिवाशांनीं वर्गणी काढून त्याचा संगमरवरी पुतळा विलायतेंतून आणविला आणि ग्रीनवर घुमटीखालीं बसविला. घुमटी आणि खालीं पांढरी शुभ्र मूर्ति. येणाऱ्याजाणाऱ्या भाविकांनीं त्याचा जो अर्थ करावयाचा तोच केला. पुतळ्यास फुलें वाहूं लागलीं, हार पडूं लागले, लोक हात जोडून पुढें जाऊं लागले. सरकारनें हा समज घालविण्याचा यत्न करून पाहिला, पण तो व्यर्थ गेला. यांत लोकांच्या अडाणीपणास हंसण्याची चाल जुन्या इंग्रज लेखकांनीं पाडली आहे, ती मला पटत नाहीं. मोठ्या माणसाची मूर्ति छत्राखालीं चौथऱ्यावर मांडावयाची, तिच्याभोवतीं कठडा करावयाचा, आणि तिला नमस्कार मात्र करावयाचा नाहीं, हा भेद आमच्या लोकांस कोणीं व कधीं शिकविला होता? टिपूवरील स्वारींत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्याच्या मदतीस होत्या तोच हा कॉर्नवॉलिस. आपणांस मुंबईंत देवपण येईल हें त्याच्या स्वप्नींही आलें नसेल.

देवाच्या भोवतीं पुढें बाजार भरला. कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता १८१३ सालीं मोडला आणि चीनचा १८३३ सालीं. खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली, आणि मुंबईचा कापूस चीनकडे व विलायतेकडे मोठ्या प्रमाणावर जाऊं लागला. गुजराथचा माल भडोच-सुरतेकडून गलबतांनीं येई. वऱ्हाडच्या कापसाला समुद्र दाखविणें हें सोपें काम नव्हतें. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनीं तो बैलांवर लादून घाटाखालीं आणविला. वऱ्हाडांतून मुंबईपर्यंतची मजल म्हणजे महिन्यांची गोष्ट. वाटेंत धूळ बसे, बैल मरत, माल भिजे. १८३० सालीं बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता झाला तेव्हां ही यातायात थोडी कमी झाली.

इतक्या खटपटीनें आलेला हा माल ठेवावयाचा कोठें? वखारी अपुऱ्या, बंदर मैदानाच्या पाठीशींच, तेव्हां गांठी सरळ ग्रीनवर येऊन पडूं लागल्या. हंगामांत, म्हणजे पौष-माघापासून वैशाखापर्यंत, देवळापासून टाऊन हॉलपर्यंत रुईच्या गांठींच्या थप्प्या लागत. गाड्यांची रीघ, हमालांचे हेल, काटे, नमुना पाहण्यासाठीं फोडलेल्या गांठींतून उडणारे तंतु, आणि पावसाळ्यापूर्वीं माल जहाजावर चढविण्याची धांदल. टाऊन हॉल १८३३ सालीं पुरा झाला. कर्नल कौपर या इंजिनियरानें ग्रीक धर्तीचे भव्य खांब उभे करून आणि तीस पायऱ्यांची ऐसपैस चढण करून ती वास्तु बांधली. तींत एशियाटिक सोसायटीनें आपला ग्रंथसंग्रह मांडला. वर विद्वान् मंडळी शिलालेख वाचीत आहेत आणि खालीं गाडीवान बैलांना शिव्या देत आहेत, असा तो संगम होता. माझ्या मतें कोटाच्या सबंध इतिहासांत या जागेला इतकी शोभा पुन्हा कधीं आली नाहीं. पण हें मत त्या वेळच्या साहेबलोकांस मान्य होण्यासारखें नव्हतें.

त्यांच्या तक्रारींत तथ्य होतें हें मात्र कबूल केलें पाहिजे. तटाच्या आंत, दाट वस्तीच्या मध्यें, दारूगोळ्याच्या गढीशेजारीं एवढा पेटता माल उघड्यावर ठेवणें म्हणजे आगीला आमंत्रण. आणि तिच्या आठवणी अद्यापि जाग्या होत्या. १८३८ सालीं कुलाब्यास जोडणारा बांध पुरा झाला आणि पर्यायी जागा मिळाली. १८४४ सालीं कापसाचा बाजार उठून कुलाब्यास गेला, आणि जातांना ‘ग्रीन’ हें नांव बरोबर घेऊन गेला. नव्या जागेला ‘कॉटन ग्रीन’ म्हणूं लागले. तेंच नांव पुढें तिसऱ्यांदा शिवडीच्या भरावावर गेलें, हें आरंभीं सांगितलेंच आहे.

गांठी गेल्या, सौदे मात्र गेले नाहींत. माल पाहण्यास कुलाबा, आणि भाव ठरविण्यास जुनी जागा, अशी विभागणी झाली. पेढ्या, बँका, बंदर हीं सर्व जवळ. शिवाय टाऊन हॉलसमोर वडाची सावली. १८५० नंतर या वडाखालीं मूठभर दलाल उभे राहूं लागले. त्यांच्या हातांत माल नव्हता, कागद होते : बँकांचे, गिरण्यांचे, कंपन्यांचे भाग. ना छप्पर, ना गादी, ना नियम. शब्द हाच दस्तऐवज. हिंदुस्थानांतील सर्वांत जुन्या शेअरबाजाराची ही अशी पाळणाघरची अवस्था होती.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं आणि लँकाशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. ‘सुरती’ कापूस म्हणजे आंखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, म्हणून तेथले विणकर त्याला नांवें ठेवीत. आतां त्याच सुरतीची आराधना सुरू झाली. भाव दुप्पट, तिप्पट, चौपट चढले. गाद्या-उशा उसवून जुना कापूस विकल्याच्या गोष्टी मुंबईंत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. भेसळ इतकी माजली कीं १८६३ सालीं तिच्याविरुद्ध मुंबई सरकारला कायदा करावा लागला. युद्धाच्या चारपांच वर्षांत मुंबईच्या पदरांत नेहमींच्या किंमतीहून सुमारें आठ कोटी पौंड अधिक पडले, असा हिशेब त्या काळच्या माहीतगारांनीं केला आहे. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक १८६३ सालीं, म्हणजे ऐन या भरतींत बाहेर पडलें. मराठींतील शहरवर्णनाचा तो पहिला मोठा ग्रंथ; त्याचा कर्ता १८६५ सालीं निवर्तला. ज्या मुंबईचा त्याला अभिमान वाटे तिची ओहोटी पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर फारसा आला नाहीं.

आलेला पैसा जिरवावयाचा कोठें, हा प्रश्न पडला आणि त्याचें उत्तर वडाखालीं मिळालें. रोज नवी बँक, रोज नवी समुद्र हटविणारी कंपनी! बॅक-बे भरून काढण्यासाठीं निघालेल्या कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या चढावानें विकला गेला. आणि ज्या जमिनीचा तो भाग, ती त्या वेळीं समुद्राच्या पाण्याखालीं होती. दलालांची संख्या पांचसहांवरून दोनशें-अडीचशेंवर गेली. त्यांचा मुकुटमणि प्रेमचंद रायचंद. त्याच्या शब्दासरशीं बँका उघडत आणि कर्जें मंजूर होत. वायद्याचे सौदे झाले ते १ जुलै १८६५ च्या देण्याघेण्यावर. एप्रिलांत अमेरिकेंतील लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, आणि जुलैच्या पहिल्या तारखेस देणारा कोणी उरला नाहीं, सगळेच घेणारे! पेढ्या बुडाल्या, मोठमोठ्या घराण्यांचीं दिवाळीं वाजलीं, बँक ऑफ बॉम्बेची मूळ संस्थाही पुढें १८६८ सालीं गुंडाळावी लागली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखा निःस्पृह विद्वान्, ज्याचे दिवस गरिबांच्या औषधोपचारांत आणि जुन्या लेखांच्या वाचनांत जावयाचे, तोही या भोंवऱ्यांत सांपडला आणि त्याची कमाई गेली. प्रेमचंदानें बहराच्या दिवसांत युनिव्हर्सिटीला दिलेल्या देणगींतून राजाबाई टॉवर उभा राहिला. वेड्या पैशाचें शहाणें स्मारक म्हणून त्याकडे बोट दाखवितां येतें. १८७२ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ६,४४,४०५ वर उतरली होती.

येथवरची कथा सर्व मुंबईकर लेखकांनीं रंगवून सांगितली आहे. परंतु ती मैदानाच्या कठड्यापाशीं थांबवणें हा अन्याय होय. कारण गांठी ज्यांनीं पिकविल्या ते घाटावर होते. खानदेश-वऱ्हाडांत कापसाच्या पैशानें कुणब्याच्या घरीं चार नवीं भांडीं आलीं, बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या आल्या, ही गोष्ट खरी. पुणें आणि नगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू माळावर कापूस तितका होत नसे. तरी तेजींत तेथेंही पेरा वाढला, धान्याचे भाव आणि मजुरी चढली, आणि सावकाराचा हात सैल झाला. जमीन तारण, सही अंगठ्याची, आणि व्याज सावकार सांगेल तें. १८६५ नंतर भाव उतरले; कर्ज उतरलें नाहीं. त्यांतच १८६७ पासून इंदापुराकडून आरंभ करून नव्या आकारणीनें सारा जबर वाढविण्यांत आला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें गांवच्या बाजाराच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना धनधान्याहून अधिक हवीं होतीं तीं खतें आणि रोखे. ते हातीं लागले तेथें जाळले. पाहतां पाहतां तें लोण पुणें-नगरच्या गांवोगांवीं पसरलें. सरकारनें चौकशी नेमली, आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

याच १८७५ सालीं मुंबईच्या दलालांनीं आपली रीतसर संस्था स्थापन केली. वडाखालून निघून ते रस्तोरस्तीं हिंडले होते. १८७४ च्या सुमारास त्यांना एका गल्लींत कायमची जागा सांपडली आणि त्या गल्लीचें नांव दलाल स्ट्रीट झालें. सुप्याच्या चावडीसमोर कागद जळत होते, त्या वर्षीं कोटांत कागदांना छप्पर मिळत होतें. दोन्ही कागद एकाच कापसावर लिहिलेले होते, हें मात्र दोन्हीं इतिहासांच्या पुस्तकांत एकत्र वाचावयास मिळत नाहीं. एक प्रकरण व्यापाराच्या इतिहासांत पडतें आणि दुसरें दंग्याधोप्यांच्या.

आतां मैदानाकडे वळूं. गांठी गेल्यावर तें उजाड झालें होतें; नारळाच्या करवंट्या, शहाळीं आणि कचरा यांचा तेथें ढीग पडे. तेथें वर्तुळाकार बाग करून सभोंवार एकसारख्या इमारती उठवाव्या, ही कल्पना पोलीसचे मुख्य चार्ल्स फोर्जेट यांची. हा मनुष्य हिंदुस्थानांतच जन्मलेला, मराठी आणि हिंदुस्थानी अस्खलित बोलणारा. १८५७ सालीं वेष पालटून शिपायांच्या गुप्त बैठकींत शिरणारा आणि त्यांचा कट उघडकीस आणून दोघांस तोफेच्या तोंडीं देवविणारा. ज्याच्या नांवानें शहर कांपे त्यानें शहराला बाग द्यावी, हा योगायोग चमत्कारिक खरा. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रिअर या दोघां गव्हर्नरांनीं त्याची कल्पना उचलली. फ्रिअरनें कोटाचे तट पाडण्यास काढलेच होते. नगरसंस्थेनें सगळी जागा विकत घेतली, तिचे तुकडे पाडून व्यापारी पेढ्यांस विकले, आणि तेजीच्या भावामुळें त्यांत चांगला नफा मिळविला. म्हणजे ज्या कापसाला या जागेवरून हांकललें त्याच्याच पैशानें ही जागा नटली. जेम्स स्कॉट यांनीं इमारतींचे दर्शनी भाग एका नमुन्यावर आंखले : खालीं कमानींचा सावलीचा रस्ता, कमानींच्या माथ्यावर दगडी मुखवटे, वर ओळीनें खिडक्या. जमीन ज्यानें घेतली असेल त्यानें आंत वाटेल तें करावें, पण चेहरा ठरल्याप्रमाणेंच पाहिजे, असा दंडक होता. इतका नेटका दंडक मुंबईंत त्यानंतर फारसा पाळला गेलेला दिसत नाहीं. १८७२ च्या सुमारास बाग पुरी झाली आणि चौकाचें नांव एल्फिन्स्टन सर्कल ठेवण्यांत आलें. येथें एक घोंटाळा निवारला पाहिजे. पेशवाईच्या अखेरीचा आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा जो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तो हा नव्हे. हा त्याचा पुतण्या, १८५३ पासून १८६० पर्यंतचा गव्हर्नर.

बाग होतांना कॉर्नवॉलिसचा पुतळा तेथेंच राहिला, आणि त्याला वेलस्लीच्या पुतळ्याची जोड मिळाली. भोंवतालीं बँका आल्या, वर्तमानपत्रें आलीं. १ जुलै १८२२ पासून चालू असलेलें ‘मुंबई समाचार’ हें गुजराथी पत्र त्यांतलें. अद्यापि त्याचें घर याच चौकाच्या कांठीं आहे. फिरोजशहा मेहतांनीं १९१३ सालीं काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक बेंजामिन हॉर्निमन हा जातीचा इंग्रज. रौलट कायद्याविरुद्ध उठलेल्या चळवळीला त्यानें आपलें पत्र वाहिलें, म्हणून एप्रिल १९१९ मध्यें सरकारनें त्याला धरून जहाजावर चढविलें आणि विलायतेस पाठविलें. सात वर्षांनीं, १९२६ सालीं, तो परत आला, पुन्हां लेखणी धरली, आणि स्वातंत्र्य पाहून १९४८ सालीं मुंबईंतच वारला. स्वराज्य आल्यावर चौकाला त्याचें नांव मिळालें. परकीय सत्तेचीं नांवें पुसण्याच्या त्या काळांत एका इंग्रजाचें नांव काढून दुसऱ्या इंग्रजाचें द्यावें, आणि त्याविषयीं कोणास खटकूं नये, यांत त्या माणसाची योग्यता आली.

पुतळ्यांचे दिवस मात्र भरले. १९६५ सालीं शहरांतील इंग्रजी पुतळ्यांची मोडतोड झाली, आणि त्यानंतर कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली हे दोघे भायखळ्याच्या बागेंत नेऊन ठेवले गेले. तेथील पदार्थसंग्रहालय १८७२ सालीं, म्हणजे आपली वाटोळी बाग झाली त्याच सुमारास, लोकांस खुलें झालें. त्याला तेव्हां राणीचें नांव होतें, १९७५ पासून तें डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. ग्रीनवरचा देव आणि ग्रीनच्या वडानें बुडविलेला विद्वान् अशा रीतीनें एका आवारांत आले आहेत. तेथें कॉर्नवॉलिसला हार घालतांना अलीकडे कोणी पाहिलेलें नाहीं.